गुंट आणि गुंठा

"तुम्ही सोताच राहायला येणार न्हवं?" म्हातारीनं विचारलं आणि मी म्हणाले, "हो तर. राहायलाच."

एप्रिलातली दुपार होती. सोलापुरात अशोक चौकातून आत पूर्व भागात शिरलं की बोळांचा जो गुंता लागतो, त्यातल्या एका घराच्या पुढच्या खोलीत आम्ही चौघं उभे होतो. मी, एजंट, माझा मिस्त्री आणि घर विकणारा मुलगा. मुलगा म्हणजे पन्नाशीचा गृहस्थ, पण त्याची आई ओट्यावर बसलेली असल्यामुळं तो मुलगाच. ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. सुपातला तंबाखू, पाल्याचे कापलेले तुकडे आणि बोटांची ती चाल, जिच्याकडं बघायची तिला गरजच नव्हती. आम्ही आल्यापासून तिनं मान वर केली नव्हती. मी उंबरा ओलांडून बाहेर आले, चप्पल शोधायला वाकले, तेवढ्यात तिनं विचारलं. एजंट माझ्याकडं बघत होता. मिस्त्री बघत होता. मी म्हणाले, राहायलाच. का म्हणाले, याचं उत्तर त्या दिवशी रिक्षात बसल्यावर शोधायला लागले आणि मे संपत आला तरी शोधतेच आहे. खरं सांगितलं असतं तर काय बिघडणार होतं? घर त्यांना विकायचंच होतं. मी तिथं राहते का भाडेकरू ठेवते, याचा अठरा लाखांशी काही संबंध नव्हता.

त्याच्याआधी पाचच मिनिटांपूर्वी माझी फजिती झाली होती, कदाचित त्याचाही परिणाम असेल. मिस्त्री हातोडीच्या दांड्यानं फरशी ठोकत होता. कडेला ठक् ठक् आणि खिडकीखाली आल्यावर एकदम ढब् ढब्. "बाई, हितं पोकळ वाजलालंय," तो म्हणाला. एजंट घाईनं म्हणाला, फरशी बसलीय थोडी, दोन पाट्या मुरूम टाकला की झालं. आणि ओट्यावरून आवाज आला, "गुंट हाय तिथं. आमच्या मामांचा." मी ऐकलं गुंठा. आता तीन महिने रोज गुंठा, सातबारा, फूट, ब्रास याच भाषेत जगणाऱ्या बाईला दुसरं काय ऐकू येणार? एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. कागदावर घर होतं ६२० फुटांचं. म्हणजे ४६९ फूट जागा कुठंतरी मागं, सासऱ्याच्या नावावर, कागदात न आलेली! डोक्यात वजाबाकी होऊन मी मागच्या दाराकडं बघायलाही लागले होते. एजंट हसला. "मॅडम, गुंट म्हणजे खड्डा. तेलगूत." गुंट मग्गम. खड्ड्याचा माग. जमिनीत खड्डा घ्यायचा, काठावर बसायचं, पाय आत सोडून पावड्या दाबायच्या आणि वर हातानं धोटा पळवायचा. म्हातारीच्या सासऱ्यानं त्या खड्ड्यात पाय सोडून आयुष्य काढलं होतं, आणि मी त्याच्यातून ४६९ फूट काढायला निघाले होते.

हे सगळं सुरू झालं ते लेकामुळं. मागच्या मेअखेर मी शाळेतून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं गणित शिकवलं. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून हातात रक्कम आली, त्यातले पंचवीस लाख 'कुठंतरी लावायचे' असं ठरलं. लेक पुण्यात. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी आला होता, होम मैदानावर नातवाला पाळण्यात बसवून आणलं आणि रात्री जेवताना म्हणाला, "आई, पुण्यात या पैशात गाडी लावायला जागा येईल. सोलापुरात अख्खं घर येतं. जुनं घे, नीट कर, भाड्यानं दे." त्यानं लॅपटॉपवर तक्ताही करून दिला. एका रकान्यात परिसर, मग किंमत, दुरुस्ती, भाडं, शेवटी टक्के. रिकामे चौकोन भरायचं काम माझं. हे म्हणाले, "घ्या, निवृत्त झालात तरी गृहपाठ सुटला नाही."

आता गणिताच्या बाईनं पहिल्याच रात्री जे करायला हवं ते मी केलं, पण कुणाला दाखवलं नाही. घर अठरा लाखांना. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के, बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट, म्हणजे नव्वद हजार. नोंदणी एक टक्का, अठरा हजार. एजंटाचे तेवढेच. दुरुस्तीला सहा लाख, जे कधीच सहा राहत नाहीत. एकूण सव्वापंचवीस. त्या भागात भाडं आलं तर आठ हजार. वर्षाचे शहाण्णव हजार, म्हणजे पावणेचार टक्के. मधे एखादा महिना घर रिकामं, घरपट्टी, रंग, मोटार जळाली, नळ गळला. तीन टक्के हातात राहिले तरी नशीब. आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पोस्टात जाऊन सही केली तर ८.२ टक्के. पंचवीस लाखांवर वर्षाला दोन लाख पाच हजार, पंख्याखाली बसून. यापुढं गणित नाहीच. सातवीतलं पोरगंसुद्धा सांगेल. तरी मी दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोल बांधून घरं बघायला बाहेर पडले.

कारण माझे वडील भाडेकरू म्हणून गेले.

वडील मिलमध्ये जॉबर होते. मिलचा भोंगा वाजला की गावाचं घड्याळ लागायचं असं म्हणतात, आमचं तरी लागायचं. साखर पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्या. माळवदाचं छप्पर, वर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी वडील आणि वरच्या मजल्यावरचे काका मिळून माती चोपायचे, तरी आषाढात एका ठरावीक जागी गळायचंच आणि तिथं ठेवायचं पातेलंही ठरलेलं होतं. पण मला त्या घराचं सगळ्यात जास्त काय आठवतं, तर नळाशेजारच्या भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा. वाड्याला नळ एकच. घरमालकीण काकू सकाळी पाटावर बसायच्या आणि प्रत्येक बिऱ्हाडाची घागर भरली की भिंतीवर एक रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. आमच्या वाट्याला सात. आठवी घागर उचलायला आई गेली की त्या काही बोलत नसत, फक्त रेघांकडं बघत. आई घागर परत खाली ठेवायची. मला त्या बाईंचा राग येत असे असं आता म्हणणं सोपं आहे. तेव्हा खरं तर मला त्या पाटावर बसायचं होतं. हातात कोळसा घेऊन.

सोलापुरात घर बघायला निघालं की पहिला प्रश्न खोल्या किती हा नसतो. पाणी कितव्या दिवशी, हा असतो. तीनदा, चारदा विचारावा लागतो, कारण घर विकणारा "एक दिवसाआड" म्हणतो, शेजारीण "तिसऱ्या" म्हणते आणि बोळाच्या तोंडाशी पान खात बसलेला म्हातारा "पाचव्या" म्हणतो, आणि त्या म्हाताऱ्याचंच धरायचं. बाहेरच्यांना याची गंमत वाटते. आम्हाला उणे संख्या शिकवायला मुळी संख्यारेषा लागली नाही. उजनी धरणात मृतसाठाच, म्हणजे ज्याच्या वरचंच पाणी शून्यापासून मोजतात तो, ६३ टीएमसीच्या वर. पाणी त्याच्या खाली गेलं की पेपरात 'उजनी उणे वीस टक्के' असं छापून येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात तर उणे पन्नासच्याही खाली गेलं होतं. वर्गात मी विचारायचे, उणे वीस मोठं की उणे पन्नास? पोरं एका सुरात सांगायची, कारण उणे पन्नासला आपल्या घरी काय होतं हे त्यांना ठाऊक असायचं.

तेव्हा परिसर स्वस्त का महाग, हे मी हौदावरून ओळखायला शिकले. आणि शिकवलं ते माझ्याच एका विद्यार्थ्यानं. आता मिस्त्री आहे. दहावीला त्याला मी घनफळात नापास केलं होतं. पहिल्या दिवशी स्कूटरवरून उतरता उतरता त्यानं ती आठवण काढली आणि मग सगळ्या रस्ताभर काढत राहिला. "चार माणसं, बाई. माणशी एकशे पस्तीस लिटर सरकारी हिशेब. किती झालं?" पाचशे चाळीस. "पाणी चवथ्या दिवशी. एक दिवस हातचा धरा. पाच दिवस." सत्तावीसशे लिटर. "पाच बाय पाच, चार फूट खोल. शंभर घनफूट. घनफुटाला सव्वाअठ्ठावीस लिटर. अठ्ठावीसशेच्या वर बसतंय. एक ब्रास पाणी लागतंय बघा एका बिऱ्हाडाला." वाळू, खडी ब्रासवर मोजतात हे माहीत होतं. पाणी ब्रासमध्ये मोजलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि ज्याला मी सतरा मार्क दिले होते त्याच्याकडून. मी त्याला म्हणाले, तुझा पेपर पुन्हा तपासायला हवा. "आता काय उपेग," तो म्हणाला आणि पुढच्या घराचं दार ठोठावलं.

किती ठिकाणं पालथी घातली ते सगळं सांगत बसत नाही. जुळे सोलापुरात आमच्यासारखीच माणसं राहतात, शिक्षक, बँकवाले, कचेरीतले. रस्ते रुंद, झाडं बरी आणि जुन्या घराचा भावही नव्या घराचा. तिथं आमचा पंचवीसचा आकडा ऐकून एका बाईंनी चहा अर्धाच केला. होटगी रोडला एजंट विमानतळाबद्दल बोलतात. जून २०२३ मध्ये विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली त्या दिवशीपासूनच तिथले फूटाचे दर आकाशाकडं तोंड करून बसलेत. अक्कलकोट रोडला सुरत-चेन्नई महामार्ग. केगावला विद्यापीठ, "पोरं भाड्यानं राहतात मॅडम, खाटेवर भाडं घ्या." खाटेवर भाडं! शेळगीच्या पलीकडं गुंठ्यागुंठ्यानं पाडलेले तुकडे, सातबाऱ्यावर नऊ नावं, त्यातले तीन वारलेले, दोघी लग्न होऊन कर्नाटकात. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, मग २०२१ मध्ये त्याची मुदत पुढं नेली, ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या तुकड्यांना नियमित करून घ्यायची सोय झाली. तो एजंट हे सगळं पाठ म्हणून दाखवायचा, पण नियमित केल्याचा दाखला मागितला की "होऊन जातंय की." माझ्या वकिलांनी एकच सांगितलं होतं, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि प्रॉपर्टी कार्ड याशिवाय विसाराचा एक रुपया द्यायचा नाही. 'होऊन जातंय की' या वाक्यावर सोलापूर चालतं हे मान्य, पण खरेदीखत चालत नाही.

एक घर मात्र मनात भरलं होतं. हद्दवाढ भागात, नाव मुद्दाम सांगत नाही. पंधरा वर्षांचंच बांधकाम, पुढं लिंबाचं झाड, दोन खोल्या, स्वयंपाकघर, स्वतंत्र संडास-बाथरूम, नुकताच फिकट पिवळा रंग दिलेला. सोळा लाख. मी मनातल्या मनात स्वयंपाकघराला पडदेसुद्धा लावले. मिस्त्री आत गेला, काही बोलला नाही, खिडकीजवळ उभा राहिला. मग खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यापाशी भिंतीवर नुसतं घासत नेलं. रंगाचा पापुद्रा उलला. आत पुट्टीची पांढरी रेघ, कोपऱ्यातून तिरकी, छताकडं निघालेली. त्यानं नाणं त्या रेघेत उभं धरलं आणि सोडलं. नाणं पडलं नाही. भिंतीनं ते धरून ठेवलं.

"काळी माती, बाई," तो म्हणाला. "पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात आकसती. घर वर-खाली होतंय तिच्यासंगट. पाया मुरमापर्यंत न्हेलाच न्हाई ह्यांनी." मग त्यानं दाराच्या चौकटीवरची भेग दाखवली, मागच्या भिंतीवरची, सगळ्या तिरक्या, सगळ्या कोपऱ्यातून निघालेल्या. एकदा दिसायला लागल्या की थांबेचनात. आडव्या-उभ्या केसासारख्या भेगा गिलाव्याच्या असतात, त्यांचं काही नाही. तिरकी भेग म्हणजे खालून कोणीतरी हलवतंय. पावसाळ्यानंतर भेगा आपोआप मिटतात, त्या वेळी पुट्टी भरून रंग द्यायचा आणि थंडीत गिऱ्हाईक आणायचं. आम्ही एप्रिलमध्ये गेलो हे मालकाचं दुर्दैव. लिंबाचं झाडही त्यात आलं म्हणे, मुळं ओल ओढून घेतात आणि माती आणखी आकसते. मला त्या लिंबाचं फार वाईट वाटलं. बाहेर पडताना मालकीण बाईंनी चार लिंबं पदरात घातली, ती मी घेतली, सरबत केलं आणि लेकाच्या तक्त्यात त्या घरापुढं 'नाही' लिहिलं.

त्या मानानं पूर्व भागातलं घर कुरूप होतं पण खोटं नव्हतं. दगडाच्या दीड फुटी भिंती, खाली मुरूम, लोखंडी गर्डरवर शहाबादी लाद्यांचं छत. भिंतीला कमरेपर्यंत लोणा लागलेला, हात लावला की गिलावा पिठासारखा गळायचा. एक गर्डर टोकाशी गंजून फुगलेला. मजला चढवता येणार नाही, उन्हात लाद्या तव्यासारख्या तापणार. सोलापूरचं ऊन चव्वेचाळीसवर गेलं की पत्रा काय आणि लादी काय. पण मिस्त्रीचा जीव रमला होता. संडास आत घेऊ, ओट्याखाली हौद काढू, एक ब्रासचा, गर्डरला टेकू देऊन टोक बदलू, गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून उतार काढू, वर चुना मारू. "आणि ते गुंट भरून घ्यू. सहा-सहा इंचाचे थर, पाणी मारून चोपायचं. न्हाईतर वर टाइल टिकणार न्हाई." त्यानं हे सगळं म्हातारीच्या देखत सांगितलं. तिची बोटं थांबली नाहीत.

मला त्या बोळात शिरताना एक गोष्ट चुकल्यासारखी वाटत होती आणि ती काय हे दुसऱ्यांदा गेले तेव्हा कळलं. आवाज. मी नोकरीला लागले तेव्हा या भागात गृहभेटींना यायचे. शाळेत न येणाऱ्या पोरांच्या आयांना समजवायला. तेव्हा बोलायचं म्हणजे ओरडायचं. घराघरात यंत्रमाग, खटाक् खटाक् खटाक्, उंबऱ्यातून पायाला कंप जाणवायचा, चादरीचे आणि टॉवेलचे ताणे, गटारातून कधी लाल तर कधी निळं रंगाचं पाणी. आई एका हातानं धागा जोडत आणि दुसऱ्या हातानं पोराला माझ्याकडं ढकलत बोलायची, निम्मं तेलगू, निम्मं मराठी, आणि सगळं समजायचं. आता सात घरांमागं एखादा माग वाजतो. बाकीच्यांची पोरं भिवंडीला, पुण्याला, हैदराबादला. म्हातारीचा मुलगाही भिवंडीला असतो. तिथं त्याचं बऱ्यापैकी चाललंय, तिथं खोली घ्यायची आहे, म्हणून हे विकायचं. आईला नेणार आहे.

आणि एक आणखी गंमत आहे, माझ्या तक्त्यात न बसणारी. मी ज्यांना भाड्यानं देणार, ते लोक कोण? विडी कामगार, यंत्रमागावरचे, शिलाईवाले. त्यांच्यासाठी कुंभारीला आधी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि आता रे नगरात ३०,००० घरं. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या पंधरा हजारांच्या किल्ल्या पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. म्हणजे माझा होणारा भाडेकरू स्वतःच्या घराचा मालक होऊन गावाबाहेर गेला किंवा जाणार आहे. गेला तर चांगलंच आहे, मी टाळ्या वाजवायला हव्यात. माझ्या बापाला असं काही मिळालं असतं तर मी कुठल्या वस्तीत वाढले असते, याचा विचार करत मी रात्री अंथरुणावर पडले होते, आणि त्याच रात्री मला अशीही काळजी वाटली की मग आठ हजार कोण देणार. दोन्ही एकाच उशीवर. लेकाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, हा डिमांडचा मुद्दा चांगला आहे, त्याचा रकाना करू."

मग मी तिसऱ्यांदा गेले. एकटी. एजंटाला न सांगता. काय करायला गेले होते ते मलाच नीट माहीत नव्हतं. खरं सांगून टाकायचं असं मनात होतं, पण रिक्षातून उतरेपर्यंत तेही पातळ झालं होतं. मेमधली सकाळ, नऊलाच ऊन डोक्यावर. म्हातारी ओट्यावरच होती. पत्र्याचा तुकडा पाल्यावर ठेवून त्याच्या मापानं कात्रीनं पानं कापत होती. मी शेजारी बसले. तिनं सूप थोडं बाजूला सरकवलं.

"अम्मा, मी त्या दिवशी खोटं बोलले. मी इथं राहायला येणार नाही. भाड्यानं देणार आहे."

तिनं कापलेली पानं चवडीला लावली. "ठावं हाय की," ती म्हणाली. "राहायला येणारी बाई आधी चुलीकडं जाती. तुम्ही छताकडं बघितलाव."

मी काय बोलणार? खरंच, तिच्या स्वयंपाकघरात मी फक्त एकदा डोकावले होते आणि तेही धूर निघायला झरोका आहे का ते बघायला, म्हणजे भाडेकरू भिंती काळ्या करेल का ते बघायला. देव कुठं मांडलेत तेही पाहिलं नव्हतं.

"भाडं किती ठेवणार?" तिनं विचारलं.

"आठ."

ती हसली. दात फारसे नव्हतेच, हसू मात्र भरगच्च. "आठ! हजार विड्या रोज वळल्या तरी न्हाई होत तेवढं, बाई." मग जरा वेळानं, पानांकडं बघतच, "मलाच द्या की. मागची खोली बी चालंल. दोन देईन. भिवंडीला मला काय कळतंय? तिथली घरं उंचावर. पाय खाली टेकत न्हाईत." हे गमतीत म्हणाली का खरंच, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. सासऱ्याच्या खड्ड्यात पाय सोडून बसणाऱ्यांच्या घरातली बाई, उंचावरच्या घराला घाबरणार यात नवल नाही. मी "बघू या" म्हणाले. 'बघू या' म्हणजे काय असतं ते पस्तीस वर्षं पालकांना सांगून झालंय माझं. ते तिलाही कळलं असणार. दोन हजारांचे बारा महिने चोवीस हजार होतात, पंचवीस लाखांवर एक टक्काही नाही, हे मात्र माझ्या डोक्यात 'बघू या' म्हणायच्या आधीच होऊन गेलं होतं. आवरत नाही ते.

तेवढ्यात बोळाच्या टोकाकडून एक पोर ओरडत आलं, "पाणी आलं, पाणी आलं!" आणि सगळा बोळ एकदम जागा झाला. दारं उघडली, पाइप आले, मोटारी लागल्या, कुणी कुणाला तेलगूत दम दिला. म्हातारी सूप ठेवून उठली, उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. तिचा हात हलका होता आणि तंबाखूचा वास होता त्याला. आत जाऊन तिनं पाइपाचं एक टोक नळाला लावलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि खिडकीखालची शहाबादी फरशी लोखंडी कांबीनं उचकटून बाजूला सरकवली. तीच ती, ढब् ढब् वाजणारी. आतून गार हवा आली, ओल्या मातीच्या वासाची. मिस्त्री जिथं सहा-सहा इंचाचे थर चोपणार होता त्या खड्ड्यात, काठाकाठानं, कापडानं तोंडं बांधलेल्या कळशा ओळीनं ठेवलेल्या होत्या. उन्हाळ्यात पाणी गार राहतं, म्हणाली. चौथ्या दिवसापर्यंत.

"धरा," ती म्हणाली, आणि एकेका कळशीवरचं कापड सोडू लागली. मी पाइप धरून वाकले. पहिली भरली, दुसरी भरली.

सात होत्या. मी मोजल्या होत्या.